प्रोग्रामचे बिऱ्हाड

दिवाळीच्या सुमारास किल्ले धारूर आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडे दिसू लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पिठाचे गाठोडे, भांडी, अंथरूण, कोयता आणि कोपी उभारायचे सामान रचलेले असते. कारखान्यावर काय मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून लागेल ते बरोबर न्यायचे, असा हा साधा हिशेब. संगणकाचा प्रोग्राम एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर न्यायचा झाला, तर हिशेब तोच. मराठीतून काम करणाऱ्यांना मात्र तो फार सावकाश उमगला, आणि त्याची किंमतही मोजावी लागली.

कोणताही प्रोग्राम एकट्याच्या बळावर चालत नाही. पडद्यावर खिडकी काढणे, फाइल उघडणे, छापणे ही कामे तो दुसऱ्या फायलींकडून करून घेतो. डॉसच्या काळी हा पसारा लहान होता. १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर प्रोग्राम उतरवला, दुसऱ्या यंत्रात घातला, की बहुधा चालायचा. पण तो इंग्रजीपुरता. मराठी अक्षर डॉसला ठाऊकच नव्हते. कानपूरच्या आयआयटीत १९८० च्या दशकात भारतीय लिप्यांसाठी जे तंत्र तयार झाले, ते पुढे पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने 'जिस्ट' कार्डाच्या रूपाने बाजारात आणले. हे कार्ड संगणकाच्या पोटात बसवायचे. काम उत्तम, पण प्रोग्राम दुसऱ्या गावी न्यायचा तर तिथेही कार्ड हवे. फ्लॉपी खिशात मावत होती, लिपी मावत नव्हती!

विंडोज आले आणि कार्डाची जागा फाँटने घेतली. श्री-लिपी, आकृती, आयएसएम अशी पॅकेजे छापखान्यांत आणि कचेऱ्यांत रुळली. अक्षरांच्या संकेतांचे 'इस्की' हे राष्ट्रीय मानक १९९१ मध्येच ठरले होते. पण फाँट बनवणाऱ्यांनी आपापली मांडणी ठेवली. एकाच्या मांडणीत जिथे 'क', तिथे दुसऱ्याच्या मांडणीत भलतेच काही. त्या काळी धारूरला डीटीपीचे काम करताना मी किती तरी लग्नपत्रिका फ्लॉपीवर घालून बाहेरगावच्या छापखान्यात पाठवल्या. तिथे तोच फाँट नसला, की 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची रांग उमटे. लग्न चार दिवसांवर आणि पत्रिका वाचता येत नाही, अशा वेळी वधूपित्याला 'फाँट' म्हणजे काय हे समजावून सांगणे सोपे नव्हते.

हिशेबाच्या प्रोग्रामांचेही तेच. १९९८ मध्ये व्हिज्युअल बेसिकची सहावी आवृत्ती आली आणि पतसंस्था, दुकाने, शाळा यांच्यासाठी प्रोग्राम लिहिणारी तरुण मुले जिल्ह्याजिल्ह्यांत तयार झाली. लिहिणाऱ्याच्या यंत्रावर प्रोग्राम झकास चाले, कारण तिथे सगळे साहित्य आधीच असे. गिऱ्हाईकाच्या यंत्रावर मात्र अमुक डीएलएल सापडत नाही, तमुक ओसीएक्स नोंदलेली नाही, अशी पाटी येई. यासाठी व्हिज्युअल बेसिकबरोबर एक विझार्ड मिळे. तो लागणाऱ्या फायलींची यादी करून सेटअप बांधून देई. पण मराठी फाँटची आठवण आपणच ठेवायची. शिवाय एका प्रोग्रामचा सेटअप सामायिक डीएलएलवर दुसरी आवृत्ती चढवून जाई आणि कालपर्यंत नीट चालणारा दुसराच प्रोग्राम बंद पडे. या गोंधळाला जगभर 'डीएलएल हेल' हे नाव पडले. विंडोज २००० मध्ये मूळ फायलींना संरक्षण आले, तेव्हा तो थोडा आटोक्यात आला.

लिपीचे उत्तर युनिकोडने दिले. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच त्यात देवनागरी होती. विंडोज २००० मध्ये 'मंगल' फाँटसह ती प्रत्यक्ष हाती आली. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्येही देवनागरीचा आधार वेगळा बसवावा लागे, आणि त्यासाठी मूळ सीडी मागितली जाई. तालुक्याच्या गावी संगणक असे, सीडी नसे. २००२ मध्ये डॉट नेट आले. त्याचा वीसेक एमबीचा आधार डायल-अपवरून उतरवायला तास-दीड तास लागे. मध्येच भारनियमन झाले, की पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे पुण्या-मुंबईत जे 'आपोआप' होई, ते बालाघाटावर कोणी तरी सीडीत बांधून आणले तरच होई.

आज प्रोग्राम अख्खे बिऱ्हाड घेऊन हिंडतात. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने सर्व्हरवरचे प्रोग्राम साहित्यासह पेटीत बांधले. त्याच वर्षी सुरू झालेल्या इलेक्ट्रॉनवर बेतलेला प्रत्येक प्रोग्राम आपला ब्राउझर पोटात घेऊन येतो. म्हणून साध्या वहीसारखा प्रोग्रामही शंभर एमबीच्या घरात जातो. सोय झाली, पण ओझेही वाढले. २०१४ मध्ये 'ओपन एसएसएल' या सामायिक लायब्ररीत 'हार्टब्लीड' नावाचे भगदाड सापडले. जिथे ती एकाच ठिकाणी होती, तिथे एकदा दुरुस्ती पुरली. जिथे प्रत्येक प्रोग्रामने आपली प्रत बांधून नेली होती, तिथे प्रत्येक गाठोडे सोडावे लागले. काय बरोबर न्यायचे आणि काय तिथल्या घरावर सोडायचे, हा निवाडा अजूनही माणसालाच करावा लागतो. त्याची कसोटी एकच. ज्यावर काहीही घातलेले नाही अशा कोऱ्या यंत्रावर प्रोग्राम चालवून पाहायचा.

आणि पुढचे यंत्र म्हणजे केवळ दुसऱ्या गावचे नव्हे, पुढच्या काळाचेही. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले शाळांचे स्मरणिका-अंक, संस्थांची इतिवृत्ते, गावांचे छोटे इतिहास फ्लॉप्या आणि सीड्यांवर पडून आहेत. फाइल शाबूत, पण वाचणारा फाँट हरवलेला. ती युनिकोडमध्ये आणण्याची साधने उपलब्ध आहेत, फक्त मूळ फाँट कोणता होता हे सांगणारा माणूस हवा. असे माणूस अजून आपल्या गावागावांत आहेत. त्यांना विचारून प्रत्येक सीडीवर फाँटचे नाव लिहून ठेवले, तरी पुष्कळ मराठी मजकूर वाचेल.