घोडा एकाचा, स्वार दुसरा

आपल्या भोपाळच्या मराठी घरांच्या आडनावांवर मागे इथे चर्चा झाली, त्यात पागे आणि शिलेदार ही दोन आडनावं आली होती. तेव्हापासून मनात होतं की या दोन शब्दांमागचा व्यवहार एकदा नीट लिहावा. मी इतिहासाचा विद्यार्थी नाही, बी.कॉम. करून आयुष्यभर बँकेत कर्ज आणि तारण बघितलं. त्यामुळे माझी नजर आधी हिशोबावर जाते, हे गृहीत धरून वाचा.

पागा म्हणजे सरकारी घोड्यांचा तबेला. त्यातला घोडा आणि हत्यार घेऊन जो लढायचा तो बारगीर. स्वतःचा घोडा आणि स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला यायचा तो शिलेदार. शिवकाळातली रचना सभासदाच्या बखरीत दिली आहे: २५ बारगिरांवर एक हवालदार, आणि त्या पंचवीसांमागे एक नालबंद व एक पखालजी. म्हणजे घोड्याचा नाल आणि पाणी ही जबाबदारी स्वारावर टाकलेली नव्हती, ती व्यवस्थेत आधीच धरलेली होती. पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांची एक हजारी. शिलेदारांना पागेच्या हुकमतीखाली ठेवलं होतं, आणि कारण उघड आहे. ज्याचा घोडा त्याची मर्जी. घोडा सरकारचा असेल तर स्वाराला "मी येत नाही" म्हणायची सोय राहत नाही.

आता शिलेदाराकडे एकच घोडा असेल तर प्रश्न नाही, तो स्वतः बसेल. पण पाच-सात घोडे असणारे शिलेदार होते. एका माणसाला पाच घोड्यांवर बसता येत नाही, मग ते बाकीच्या घोड्यांवर बारगीर बसवायचे. चाकरीचे पैसे घोड्याच्या मालकाकडे, त्यातला वाटा बारगिराला. इथे खरी गंमत आहे. मालकाला हवा असतो घोडा जपणारा माणूस. बारगिराला हवी असते मोहीम, कारण नाव आणि बढती तिथेच मिळते. घोडा पडला तर भांडवल मालकाचं बुडतं, आणि पुढच्या फळीत घुसायची घाई बारगिराला असते. पेशवाईत मोहिमेआधी शिलेदारांना नालबंदी म्हणून आगाऊ रक्कम देत, घोडे तयार करायला. आमच्या भाषेत खेळतं भांडवल. पण ते घोडा उभा करण्यासाठी. मालक आणि स्वार यांची ओढाताण त्याने मिटत नाही.

आपण राहतो त्याच जमिनीवर डिसेंबर १७३७ मध्ये बाजीरावाने निजामाला भोपाळात कोंडलं. निजामाकडे जड तोफखाना आणि मोठा लवाजमा, बाजीरावाकडे घोडे. रसद तोडली आणि वाट पाहिली. ७ जानेवारी १७३८ ला दोराह्याला तह झाला, नर्मदा ते चंबळ मुलूख मराठ्यांना मान्य झाला. सीहोरकडे जाताना दोराह्याची पाटी बघतो तेव्हा मला बाजीराव आठवतोच, पण रसदीचे रस्ते अडवून थंडीत उभे राहिलेले ते दुसऱ्याच्या घोड्यावरचे स्वारही आठवतात. त्यांचं नाव कुठे नाही.

इंग्रजांनी ही पद्धत जशीच्या तशी उचलली. १८१७ च्या पुण्याच्या तहानंतर उभा राहिलेला पूना हॉर्स याच वळणाचा. 'सिलादार' रिसाल्यांत घोड्यासकट जागेला असामी म्हणत. स्वतःच्या घोड्यावरचा तो खुदअस्पा, दुसऱ्याच्या असामीवरचा तो पुन्हा बारगीरच. त्यांनी एक गोष्ट मात्र पक्की केली, चंदा फंड. दरमहा सगळ्यांकडून थोडी रक्कम घ्यायची आणि कुणाचा घोडा मेला की त्यातून नवा घ्यायला मदत करायची. विमा कंपनीशिवायचा विमा! पहिल्या महायुद्धात एवढे घोडे आणि माणसं गेली की हे गणित कोलमडलं, आणि मग ती पद्धतच बंद झाली.

हे सगळं आत्ता का आठवलं ते सांगतो. भोपाळला राज्य सरकारची घोडेस्वारी अकादमी आहे. घोडे सरकारचे, स्वार निवडलेली मुलंमुली. शिवकाळच्या भाषेत ती पागाच. २०२३ मध्ये हांगझौच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण आलं, ४१ वर्षांनी, त्यात इंदूरची सुदीप्ती हजेला होती. तेव्हापासून माझ्या नातीच्या डोक्यातून घोडा उतरत नाही. तिला स्पर्धेत उतरायचंय. घोडा विकत घेणं पेन्शनरच्या घराला झेपणारं नाही.

ओळखीतले एक निवृत्त कर्नलसाहेब आहेत. त्यांची घोडी आहे, गुडघे नाहीत. त्यांना अर्धा खर्च उचलणारा आणि घोडी फिरती ठेवणारा कुणीतरी हवा होता. नात म्हणाली, "आजोबा, मला फिरवायची नाहीये, उड्या मारायच्यात." कर्नलसाहेब गप्प झाले. घोडी अकरा वर्षांची, पाय एकदा दुखावलेला.

मी कागद करायला बसलो. नाल, चारा, सईसाचा पगार, डॉक्टर, विमा, स्पर्धेची फी, सगळं तासाभरात ठरलं. अडलं एकाच कलमावर: स्पर्धेच्या सकाळी घोडी उतरवायची नाही असं म्हणायचा अधिकार कुणाचा? मी लिहिलं, मालकाचा, कारण सांगायची गरज नाही. नात दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. शेवटी तिनेच बदल सुचवला: अधिकार मालकाचा, पण निर्णय आदल्या संध्याकाळी, आणि तेव्हा साहेबांनी स्वतः तबेल्यात येऊन घोडीचे चारही पाय हाताने तपासायचे. कर्नलसाहेबांनी लगेच सही केली. गुडघ्यांचं काय, विचारलं तर म्हणाले, "येईन. स्टूल ठेवा."

पहिली स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे. दरम्यान, आपल्यापैकी कुणाच्या घरी पागेचा, असामीचा किंवा नालबंदीचा जुना कागद असेल तर फोटो टाका. मोडीत असला तरी चालेल, ग्रुपवर वाचणारे दोघे-तिघे आहेत.