काळीज खरोखर फाटते तेव्हा

मराठीत काळीज रोज फाटते. लेकीला निरोप देताना, कुणाचा टाहो ऐकताना. देवनहळ्ळीत माझ्या आजूबाजूला बोलल्या जाणाऱ्या कन्नडमध्येही छाती 'फुटते', तीही दुःखाने नाहीतर भीतीने. भाषांतराला ही सोय फार चांगली, पण तिच्यामुळे एक खरा आजार झाकला जातो.

1649 साली विल्यम हार्वीने झाँ रिओलाँला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात सर रॉबर्ट डार्सीची हकीकत आहे. छाती वारंवार दाटून येई, विशेषतः रात्री. मृत्यूनंतर पाहिले तर डाव्या कप्प्याच्या चांगल्या जाड भिंतीला बोट जाईल एवढे भोक.

25 ऑक्टोबर 1760 रोजी इंग्लंडचा दुसरा जॉर्ज सकाळचे चॉकलेट पिऊन शौचकूपात गेला आणि कोसळला. फ्रँक निकोल्सने शव तपासले, तेव्हा हृदयाभोवतीच्या पिशवीत अर्ध्या लिटरच्या आसपास साखळलेले रक्त होते आणि उजवा कप्पा फाटला होता. महाधमनीही आतून चिरलेली, म्हणजे हा नेहमीचा हार्ट अटॅक नव्हे. पण निकोल्सने नेमके ओळखले की सांडलेल्या रक्तानेच हृदय आवळले गेले आणि शिरांतले रक्त आत येईना. (त्याच वर्षी हैदरअली श्रीरंगपट्टणातून बेंगळूरूकडे पळाला होता. 1749 मध्ये इथल्याच किल्ल्याच्या वेढ्यात त्याचे नाव झाले होते. आपल्याकडे मात्र शव उघडून पाहायची रीत तेव्हा नव्हती.)

हार्ट अटॅकमध्ये गुठळीने रक्तवाहिनी बंद होते आणि तिच्यावर पोसणारा स्नायू मरतो. मेलेला भाग साफ होऊन तिथे घट्ट व्रण धरायला आठवडे लागतात. मधल्या काळात भिंत ओल्या पुठ्ठ्यासारखी, म्हणून फाटणे बहुधा पहिल्याच आठवड्यात होते, रुग्णाला बरे वाटू लागले असतानाही. पहिलाच झटका, उतारवय आणि उच्च रक्तदाब असेल तर धोका अधिक, आणि बायकांना पुरुषांपेक्षा जास्त. मधला पडदा फाटला तर तो शिवता येतो, डेंटन कूली यांनी 1956 साली ते केले. बाहेरची भिंत फाटली तर बहुतेकदा तेवढा वेळच मिळत नाही.

आता वेळेत अँजिओप्लास्टी झाली तर हे शंभरात एकाहूनही कमी जणांना होते. अट वेळेची आहे. 'अॅसिडिटी असेल' म्हणून रात्र काढणारे मागे राहतात, आणि त्यांच्यासाठीच मी एक रुग्णपत्रक मराठीत करत होते. 'हृदयाची भिंत खरोखर फाटू शकते' असे लिहिले. 'खरोखर' शोभत नाही म्हणून ते दोनदा खोडले गेले, मी दोनदा परत घातले.