प्रा. द. गो. कर्वे : वर्गातून रिझर्व्ह बँकेत

पतपेढीच्या कर्जावर एखादे लग्न पार पडले नाही वा खोलीची पागडी भरली गेली नाही, असे कुटुंब आम्हां भांडुपकर सभासदांत विरळाच. तथापि सहकाराचे नियम ज्यांच्या अध्यक्षतेखाली नव्याने घडले, ते प्रा. दत्तात्रेय गोपाळ कर्वे किती जणांस ठाऊक असतील? (महर्षी धोंडो केशव ते निराळे.)

१८९८ साली जन्मलेले कर्वे मूळचे अर्थशास्त्राचे अध्यापक. १९४३ मध्ये पुण्यास निघालेल्या बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालयाचे ते पहिले प्राचार्य. १९५५ साली ग्रामोद्योग व लघुउद्योगांवरील समितीचे अध्यक्षपद त्यांजकडे आले. पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवून १९६२ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर झाले. चिंतामणराव देशमुख तेथे सनदी नोकरीतून गेले होते; कर्वे गेले ते खडूफळ्याजवळून.

तो काळच तसा होता. १९५१-५२ च्या पाहणीत शेतकऱ्याच्या कर्जापैकी सहकारी संस्थांकडून मिळणारा वाटा शेकडा जेमतेम तीन आढळला होता. सावकारांचा सत्तरीच्या घरात. मध्यवर्ती बँकेने केवळ नोटा व व्याजदर पाहून भागणार नाही, हे त्या आकड्यांनी दाखवून दिले होते. कर्व्यांच्याच कारकिर्दीत, १९६३ मध्ये, शेतीस दीर्घ मुदतीचा पैसा पुरविणारे पुनर्वित्त महामंडळ निघाले.

१९६४ मध्ये ते पद त्यांनी सोडले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने सहकाराची तत्त्वे तपासण्यास पाच जणांचे मंडळ नेमले. त्यात अमेरिकन होता, रशियन होता. अध्यक्ष मात्र कर्वे. शीतयुद्धाच्या दिवसांत अशा मंडळींचे एकमत घडविणे सोपे नव्हे! १९६६ च्या व्हिएन्ना अधिवेशनाने त्यांची सहा तत्त्वे स्वीकारली. सहकारी संस्थांनी परस्परांस साहाय्य करावे, हे सहावे तत्त्व नवे. पुढल्याच वर्षी कर्वे निवर्तले.

पहिले तत्त्व मात्र आम्हांस अवघड वाटते. सभासदत्व खुले असावे. सामाजिक वा धार्मिक भेद नसावा. मुंबईतील कित्येक जुन्या सहकारी बँका ज्ञातीच्या ओळखीवरच उभ्या राहिल्या, कारण तारण नसलेल्या माणसास जामीन राहणारा ओळखीचाच लागे. ती सोय होती, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु शेजारच्या चाळीतील, आमच्याच कारखान्यात काम करणारा परज्ञातीय गृहस्थ पतपेढीच्या दाराशी आला, तर त्यास काय सांगावयाचे? हा प्रश्न येत्या वार्षिक सभेपुढे ठेवावा, अशी आमची कार्यकारी मंडळास विनंती आहे.