तुणतुणे: तार की चामडे?

एखादा माणूस तेच तेच बोलू लागला की आपण म्हणतो, 'झाले याचे तुणतुणे सुरू!' एका तारेचे, एकाच स्वराचे वाद्य. त्याचे नाव आपण कंटाळ्याला दिले. शास्त्राच्या तासाला त्याची आठवण होण्याचे काही कारण दिसत नाही. पण जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या शिक्षकांना हे वाद्य फार लांब शोधावे लागणार नाही. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच यात्रेच्या तमाशाची सुपारी द्यायला येतात. या वाद्यांत किती विज्ञान भरले आहे ते थोडे पाहू.

तुणतुण्याची रचना अगदी साधी. लाकडाचे किंवा पत्र्याचे पोकळ नळकांडे, वरचे तोंड उघडे, खालच्या तोंडावर चामडे. नळकांड्याच्या बाजूला एक काठी ठोकलेली आणि तिच्या वरच्या टोकाला खुंटी. चामड्याच्या मध्यातून निघालेली पोलादी तार नळकांड्यातून वर येऊन खुंटीला गुंडाळलेली. खुंटी पिळली की ताण वाढतो आणि स्वर चढतो. फ्रेंच अभ्यासक मेर्सेन याने १६३६ साली मांडलेला नियम इथे हाताने अनुभवता येतो: तारेची लांबी व जाडी तीच ठेवून ताण चौपट केला, तर कंपनसंख्या दुप्पट होते.

मग चामडे कशासाठी? नुसती तार फळीवर ताणून छेडली तर तिचा आवाज जेमतेम शेजाऱ्यापर्यंत पोचतो. तार बारीक, ती हवेला कापत जाते, ढकलू शकत नाही. तीच तार चामड्याला बांधली की तिच्या कंपनाबरोबर चामडे आतबाहेर हलते आणि पुष्कळ हवा हलवते. विजेचा ध्वनिवर्धक नव्हता तेव्हा हाच ध्वनिवर्धक होता. राम जोशी (१७६२–१८१२) आणि होनाजी बाळा यांच्या पेशवाईतल्या लावण्यांपासून पठ्ठे बापूरावांच्या (१८६६–१९४५) फडापर्यंत शाहिरी गाणे उघड्या मैदानावर वाढले ते अशाच वाद्यांच्या साथीने.

आता एक प्रश्न. तुणतुणे हे तंतुवाद्य की चर्मवाद्य? भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग आहेत: तत म्हणजे तारेची, अवनद्ध म्हणजे चामड्याने मढवलेली, घन आणि सुषिर. बेल्जियमच्या माहियों याने १८८० साली ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहाची सूची करताना हीच चौकट घेतली. पुढे हॉर्नबॉस्टेल आणि झाक्स यांनी १९१४ साली जगभरच्या वाद्यांचे वर्गीकरण केले, तेही याच पायावर. त्यांच्यापुढे तुणतुण्याच्या जातीची वाद्ये आली तेव्हा त्यांनी ती चर्मवाद्यांत टाकली. 'छेडायचे ढोल' असा एक वेगळा गटच केला! नंतरच्या काही अभ्यासकांना हे पटले नाही. स्वर ठरतो तारेने, चामडे फक्त तो मोठा करते, तेव्हा हे तंतुवाद्यच, असे त्यांचे म्हणणे.

फडातला सुरत्या या वादात पडत नाही. तो मागे उभा राहून 'जी जी'ची झील धरतो आणि एकाच तारेवर दोन कामे करतो. गाणाऱ्याला आधारस्वर देतो आणि छेडण्याच्या ठेक्याने लयही धरून ठेवतो. थोडक्यात, तो तारेकडून तालवाद्याचे काम करून घेतो.

अशी युक्ती दुसरीकडेही सुचलेली आहे. १९६० च्या आसपास अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, फळीवर उभे राहून लाटांवरून घसरत जाण्याचा खेळ तरुणांत लोकप्रिय होता. त्यांच्यासाठी वाजवल्या जाणाऱ्या गिटारसंगीताला 'सर्फ' असे नाव पडले. त्यातला अग्रणी वादक डिक डेल (१९३७–२०१९). त्याचे वडिलांकडचे घराणे लेबनॉनचे. लहानपणी तो चुलत्याकडून दरबुका हे हाताने वाजवायचे चर्मवाद्य शिकला आणि मोठेपणी तोच ठेका त्याने विजेच्या गिटारीवर आणला. १९६२ साली गाजलेल्या त्याच्या 'मिसिरलू'ची सुरुवात ऐका. ही भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडची जुनी चाल तो एकाच जाड तारेवर अतिशय जलद आघात करत वाजवतो. तिथे आवाज मोठा करायला चामड्याऐवजी लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे आहे. पोलादी तार चुंबकाजवळ हलली की वेटोळ्यात वीज निर्माण होते. फॅरडेचा १८३१ चा शोध तो हाच. साधने बदलली, तरी तारेला ताल धरायला लावण्याची कल्पना तुणतुण्याचीच.

तुणतुण्याच्या शेजारी बसते ढोलकी. तिथे कोडे उलटे आहे: चामड्याने सुरात कसे बोलायचे? गोल ताणलेल्या साध्या पडद्यावर थाप मारली, तर त्यातून अनेक कंपने एकदम निघतात आणि त्यांच्या कंपनसंख्यांचे प्रमाण १ : १.५९ : २.१४ : २.३० असे वेडेवाकडे असते. म्हणून त्याचा 'धप्प' आवाज येतो, स्वर येत नाही. तारेच्या कंपनांचे प्रमाण मात्र १ : २ : ३ : ४ असे सरळ असते आणि कानाला त्यात स्वर लागतो.

ढोलकीच्या उजव्या तोंडावर मध्यभागी काळी शाई असते. लोखंडाची बारीक पूड आणि खळ यांचा लेप पातळ थर देत, प्रत्येक थर दगडाने घोटत चढवतात. या वजनामुळे मध्यभाग जड होतो. मूळ कंपनात मध्यभागच सर्वांत जास्त हलतो, म्हणून ते चांगलेच मंद होते. दुसऱ्या कंपनात मध्य स्थिर असतो, त्यामुळे त्यावर परिणाम कमी. परिणामी १ : १.५९ चे प्रमाण वाढून १ : २ च्या जवळ येते. पुढची कंपनेही अशीच जुळत जातात. डाव्या तोंडाला लेप आतून असतो. तिथे हवा असतो तो खालचा, घुमणारा आवाज.

हे उकलून सांगितले चंद्रशेखर वेंकट रामन यांनी. १९२० च्या जानेवारीत त्यांचे आणि शिवकाली कुमार यांचे टिपण 'नेचर'मध्ये आले. १९३४ साली रामन यांनी सविस्तर निबंध लिहिला. मृदंग आणि तबला ही त्यांच्या अभ्यासाची वाद्ये. ढोलकीची शाई त्याच कुळातली. पडद्यावर बारीक वाळू टाकून त्यांनी कंपनांच्या आकृत्या पाहिल्या आणि नऊ प्रकारची कंपने पाच सुरेल पायऱ्यांवर कशी येऊन बसतात ते दाखवले.

शाई लावणाऱ्या हातांना हे समीकरण माहीत नव्हते, पण लेप कुठे आणि किती हवा हे पक्के माहीत होते. खेळाआधी हलगी शेकोटीवर धरणाऱ्यालाही ठाऊक असते की रात्रीच्या दमट हवेने चामडे सैल पडते आणि ऊब दिली की ओल जाऊन ते पुन्हा ताणते. आपल्याकडे चामड्याला हात लावणारा हलका ठरला. तमाशाची कला मुख्यतः महार, मातंग आणि कोल्हाटी समाजांनी जगवली. म्हणून त्यांच्या ज्ञानाला ज्ञान म्हणायची सवय आपल्याला लागली नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे २००२ साली निधन झाले. आज राज्य शासन त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. पण दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंतचा तमाशाचा हंगाम म्हणजे जवळजवळ शाळेचे अख्खे वर्ष. फडातल्या मुलाने आईबापांबरोबर जावे की शाळेसाठी मागे राहावे, हा प्रश्न त्या घरांना आजही पडतो. असे मूल आपल्या वर्गात आले, तर त्याच्या घरी असलेले शास्त्र आपल्याला ओळखता यायला हवे.

नारायणगावजवळच खोडद आहे. तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आपल्या परिचयाच्या आहेत. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त तिथे भरणाऱ्या प्रदर्शनात आसपासच्या शाळांची मुले प्रयोग मांडतात. तो दिवस रामन यांच्या १९२८ सालच्या प्रकाशावरील शोधाचा. त्यांचा ध्वनीवरचा शोध मांडायला एक ढोलकी आणि मूठभर कोरडी बारीक वाळू पुरते. वाळू पडद्यावर पसरावी, एक बोट पडद्यावर अलगद टेकवावे आणि कडेला टिचकी मारावी. बोटाची जागा बदलली की वाळूच्या रेषा बदलतात. शेजारी पत्र्याच्या डब्याचे तुणतुणे ठेवावे आणि पाटी लावावी: 'हे तंतुवाद्य की चर्मवाद्य?' ढोलकी कोणाच्या घरून आणायची हे मुलांनाच विचारावे. आणि जे मूल ती आणील, त्यालाच प्रयोग समजावून सांगायला उभे करावे.