चिपवरची चिठ्ठी

दिवाळीनंतरचे दोन रविवार मी एकाच कामात घालवले. घरातल्या मेमरी कार्डांना छापील लेबलं लावायची. लग्नं, बारशी, धुळ्याची कानबाई... सगळी कार्डं दिसायला सारखीच काळी. कॅसेटच्या डबीत निदान एक कागद असायचा, त्यावर पेनाने सगळं लिहिलेलं. कार्डावर कंपनी स्वतःचं नाव आणि किती जीबी तेवढं छापते. आत काय आहे ते आपणच सांगायचं.

त्या निमित्ताने लेबलांचा इतिहास वाचला आणि गंमत वाटली. १९७१ साली इंटेलच्या डोव्ह फ्रोमन यांनी ईप्रॉम नावाची चिप तयार केली. तिच्या पाठीवर क्वार्ट्‌झची छोटी खिडकी असे. त्यातून अतिनील प्रकाश सोडला की पंधरा-वीस मिनिटांत आतलं सगळं पुसलं जाई आणि चिप पुन्हा भरता येई. पण हेच काम ऊनही करी, फक्त सावकाश. कंपन्यांचा हिशेब असा, की उघडी खिडकी थेट उन्हात राहिली तर साधारण आठवड्यात आणि ट्यूबलाइटखाली तीनेक वर्षांत चिप पुसली जाऊ शकते. (आता आपल्या जळगावचा मे महिना आठवा!) म्हणून खिडकीवर प्रकाश अडवणारं लेबल चिकटवत आणि त्यावरच प्रोग्रामचं नाव, आवृत्ती, तारीख लिहीत. म्हणजे लेबल निघालं की नाव तर जायचंच, हळूहळू मजकूरही जायचा.

पुढे तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली. ती विजेनेच पुसली जाते, खिडकी लागत नाही. १९९९ साली एसडी कार्ड आलं, ३२ बाय २४ मिलिमीटरचं. २००५ साली मायक्रोएसडी आलं, १५ बाय ११ चं, नखाएवढं. लेबलाचं राखणदारीचं काम संपलं आणि त्याची जागाही संपली.

पण गरज संपली का? इथे मला धुळं आठवतं. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात वारले आणि त्यांनी गावोगाव हिंडून जमवलेल्या कागदांसाठी १९२७ साली तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. जुन्या मराठी पत्रांत पुष्कळदा तिथी असते, 'छ' लिहून चंद्राची तारीख असते, पण वर्ष नसतं. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते माहीतच होतं ना! मग पुढच्यांनी पत्रातल्या माणसांवरून, लढायांवरून वर्ष शोधत बसायचं.

आमच्या कार्डांचं तेच झालंय. एका डबीवर लिहिलंय, 'कानबाई, रविवार'. अहो, कानबाई बसते श्रावणातल्या रविवारीच! वर्ष कोणतं? आणि गाणारा तो आवाज कोणाचा? जळगावच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. सोपानदेवांनी गाणी उतरवून घेतली, १९५२ साली पुस्तक आलं, म्हणून ती त्यांच्या नावाने राहिली. तसंच जात्यावर गाणाऱ्या बाकीच्या आयाबायांची नावं कुठे आहेत?

म्हणून माझ्या लेबलावर तीन ओळी ठरल्या आहेत: काय, कोण, कुठलं साल. ए-फोर स्टिकर पेपरवर लेझर प्रिंट काढते, टोनर पाण्याने पसरत नाही. दुकानातल्या बिलासारखा थर्मल प्रिंट नको, तो उडून जातो. एसडी कार्डावर लेबलापुरती खोलगट जागा असते. कागद पातळ घ्यायचा आणि तिच्या बाहेर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर रीडरमध्ये अडकतो. मायक्रोएसडीवर काहीच चिकटवत नाही, लेबल डबीला आणि तोच नंबर वहीत. आणखी एक. कार्डातला विजेचा भार वर्षानुवर्षं पडून राहिला की झिरपत जातो. तेव्हा कॉपी काढायची आणि कॉपीची तारीखही लेबलावर लिहायची.

लेबल छापायला दोन मिनिटं लागतात. दुसरी ओळ भरायला मात्र माणसं लागतात, आणि आवाज ओळखणारी माणसं दरवर्षी कमी होत चालली आहेत.

असो. धुळ्याच्या मावशी, जळगावचे नाना, वाचत असाल तर या रविवारी फोन करते. आवाज ऐकवते, तुम्ही नावं सांगा. सात डब्यांवरची दुसरी ओळ अजून कोरी आहे.