संमती कोणाची?

‘संमतिवयाचा कायदा’ हे नाव मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. परंतु त्यातील संमती ही विवाहाला द्यावयाची संमती नव्हे, हे सहसा ध्यानात येत नाही. १८९१ च्या त्या कायद्याने शरीरसंबंधास संमती देण्याचे मुलीचे वय १० वरून १२ वर नेले, एवढेच. त्याविरुद्ध टिळकांनी उठविलेले वादळ सर्वश्रुत आहे. विवाह कोणाच्या इच्छेने व्हावा, याविषयी कायदा मौनच होता.

वास्तविक तो प्रश्न मुंबईत आधीच उपस्थित झाला होता. अकराव्या वर्षी विवाह झालेल्या रखमाबाईंनी पतीकडे नांदावयास जाण्याचे नाकारले, तेव्हा दादाजी भिकाजींनी १८८४ मध्ये दावा लावला. जे सहजीवन कधी सुरूच झाले नाही ते पूर्ववत करावयाचे कसे, अशा विचाराने न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला. अपिलात मात्र हा निर्णय टिकला नाही. १८८७ मध्ये नांदावयास जा, अन्यथा सहा महिने तुरुंगवास भोगा, असा हुकूम झाला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दर्शविली. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. अजाणत्या वयात, अनुमतीवाचून झालेला विवाह मला बांधतो काय, हा त्यांचा प्रश्न. कायद्याने दीर्घकाळ उत्तर दिले ते वयाच्या आकड्यांनी.

संयुक्त राष्ट्रांच्या १९६२ च्या करारात वय आणि संमती एकत्र आली. वधूवरांनी अधिकारी व साक्षीदारांसमक्ष स्वमुखाने संमती द्यावी, किमान वय कायद्याने ठरवावे, विवाहाची नोंद व्हावी, अशी ही त्रयी. वयाचा आकडा करारात नाही. १९६५ च्या शिफारशीने १५ ही खालची मर्यादा सांगितली, आणि ती आज फारच ठेंगणी वाटते. भारत या करारात सामील झाला नाही.

स्त्रियांविरुद्धचे भेदभाव नष्ट करण्याचा १९७९ चा करार भारताने १९९३ मध्ये स्वीकारला. त्याच्या सोळाव्या कलमात विवाहास मुक्त व पूर्ण संमतीचा हक्क आहे, आणि बालविवाहास कायदेशीर परिणाम नसावा, असेही म्हटले आहे. स्वीकारताना भारताने निवेदन जोडले: कोणत्याही समाजाच्या खाजगी बाबींत, त्या समाजाच्या पुढाकारावाचून व संमतीवाचून, हस्तक्षेप न करण्याच्या धोरणाला अनुसरूनच या कलमाचे पालन होईल. संमती हा शब्द येथेही आला. पण ती समाजाची. सक्तीची विवाहनोंदणीही तत्त्व म्हणून मान्य, परंतु या विशाल देशात अव्यवहार्य ठरविली गेली.

२००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने बालपणी विवाह झालेल्या व्यक्तीस, सज्ञान झाल्यानंतर दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत, तो रद्द करून मागण्याचा अधिकार दिला. कोणी न्यायालयात गेलेच नाही, तर असा विवाह सामान्यतः वैधच राहतो.