आकुर्डी : यंत्रशाळेतून वित्ताकडे

वित्तक्षेत्राची वाट वाणिज्य शाखेतूनच जाते, हा समज आकुर्डीच्या इतिहासापुढे टिकत नाही. परवाना-राजच्या काळात बजाज स्कूटरसाठी ग्राहक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. कर्ज देऊन गिऱ्हाईक मिळवण्याची गरज कारखान्याला नव्हती. १९८४ मध्ये हीरो होंडा स्थापन झाली, स्पर्धा वाढू लागली. १९८७ मध्ये दुचाकी-तीनचाकींसाठी कर्जे देणारी बजाज ऑटो फायनान्स उभी राहिली.

या वित्तव्यवसायाची धुरा पुढे संजीव बजाज यांच्याकडे आली. त्यांची पहिली पदवी पुणे विद्यापीठाची, यंत्र अभियांत्रिकीची. त्यानंतर वॉरिक येथे उत्पादन-प्रणालींचा अभ्यास, आणि मग हार्वर्डची व्यवस्थापन पदवी. (घराण्याचा वारसा पाठीशी होता, हेही नमूद करणे भाग आहे.)

२००७ हे वर्ष मात्र बोचरे ठरले. वित्तव्यवसाय वेगळा करण्यासाठी बजाज फिनसर्व्ह ही कंपनी त्याच वर्षी नोंदली गेली, आणि त्याच वर्षी आकुर्डीतील वाहननिर्मिती थांबली. मोटारसायकली तोवर चाकणला तयार होऊ लागल्या होत्या. यंत्रांचे शिक्षण घेतलेल्या मालकपुत्राला वित्ताकडे वळता आले. आकुर्डीत यंत्रांवर हात बसलेल्या अडीच हजारांहून अधिक कामगारांपुढे ती वाट नव्हती.